चारशे फुटांपर्यंत

पडद्यावर एक करडा चौकोन होता. दाणेदार, सगळीकडे सारखा, पेरणीआधी वखरून ठेवलेल्या रानासारखा. एकेक कप्पा मोठा करून मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. २०१६ चा एप्रिल होता. पुण्यातल्या आमच्या खोलीतला पंखा गरम हवा फेकत होता, आणि तीन महिने घासून काढलेला तो नकाशा मला सांगत होता की इथं काही नाही.

जिथं मी पाहत होते तिथं एक दीर्घिका आहे, याबद्दल शंका नव्हती. तिचे तारे मोठ्या दुर्बिणींनी एकेक करून मोजलेले आहेत. आपल्या आकाशगंगेभोवती ज्या लहान लहान दीर्घिका फिरतात त्यांतली ती एक. आम्ही त्यांना कामाच्या बोलण्यात ‘ड्वार्फ’ म्हणायचो, मराठीत बटुदीर्घिका. मला तिचे तारे नको होते. मला हवा होता ताऱ्यांच्या मधल्या जागेतला वायू, म्हणजे हायड्रोजन. नवे तारे त्याच्यातूनच बनतात. वायू असेल तर पुढची पिढी आहे, नसेल तर जे तारे आहेत तेवढेच. जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला उद्जन म्हणत, पाण्याला जन्म देणारा. मराठवाड्यातल्या लोहा तालुक्यात वाढलेल्या मुलीला त्या दुष्काळी वर्षी हे नाव वाचून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याच एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली होती. नांदेड-लातूर रस्ता म्हणजे आमचाच रस्ता. रोज संध्याकाळी टीव्हीवर ते टँकरचे डबे दिसायचे, आणि दिवसभर मी पडद्यावर हायड्रोजन शोधत असायचे.

काम कसं चालायचं ते आधी सांगते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे ३० मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण. प्रत्येक अँटेनेचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ खोडदच्या मधल्या माळावर जवळजवळ उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन बाजूंना, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या रानांमधून, दूरवर पसरल्या आहेत. पहिल्यांदा जवळ गेले तेव्हा मला वाटलं होतं की थाळीला पत्रा असेल. पत्रा नाही, जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची तार, मधल्या भागात एक सेंटिमीटरची घरं, काठाकडे दोन सेंटिमीटरची. खाली उभं राहून वर पाहिलं की जाळीतून ढग दिसतात. रेडिओ लहरींना ती जाळी भिंतीसारखी वाटते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रचना काढली म्हणून आपल्या देशाला परवडेल अशा खर्चात एवढी मोठी दुर्बीण उभी राहिली. ‘वारा आरपार जातो’ हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

हायड्रोजनचा अणू एकटा, थंड, कुणाच्या अध्यात-मध्यात नसताना फार क्वचित २१ सेंटिमीटर लांबीची एक रेडिओ लहर सोडतो. इतकं क्वचित की एका अणूला त्यासाठी सरासरी १ कोटी वर्षं लागतात. पण अणू इतके असतात की ती कुजबूज आपल्यापर्यंत पोचते. तिची वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ. त्याच्या आजूबाजूला माणसांचा गोंगाट असतो, म्हणून आधी तो निवडून काढायचा. आम्ही त्याला ‘फ्लॅग करणं’ म्हणायचो. तांदूळ निवडण्याचंच काम ते: हा खडा, हा खडा, हा दाणा, हा खडा. मग ज्यांची तेजस्विता पक्की ठाऊक आहे अशा स्रोतांवरून माप लावून घ्यायचं, मधून मधून त्यांच्याकडे अँटेना वळवून माप सरकलं नाही ना ते पाहायचं, आणि शेवटी नकाशे करायचे. एक नव्हे, शेकडो. प्रत्येक वेगाचा वेगळा. त्या गठ्ठ्याला ‘क्यूब’ म्हणतात. पानं उलटल्यासारखे ते नकाशे एकामागून एक पाहायचे. वायू असेल तर एखाद्या पानावर डाग उमटतो, पुढच्या पानावर तो जरा सरकतो, मग विरतो.

माझ्या वाट्याला चार बटुदीर्घिका आल्या होत्या. चारही आकाशगंगेच्या जवळच्या. तीन क्यूब पाहून झाले होते, तिन्हींत काही नव्हतं. हा चौथा.

मे महिन्यात गावी गेले. बाबांनी बोअरची गाडी बोलावली होती. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती, बाबांचा त्यावर फारसा भरवसा नव्हता, पण दुसरी जागा तरी कशावरून ठरवणार? गाडी रात्री दहाला आली. दिवे लावून काम सुरू झालं. आधी मुरूम निघाला, तांबूस. मग काळा खडक लागला आणि फुफाटा उडायला लागला. एकेक रॉड आत जात होता, दुसरा जोडला जात होता. सगळी माणसं भोकाच्या तोंडाशी निघणाऱ्या धुळीकडे बघत होती, तिच्यात ओल दिसतेय का. ११० फुटांवर फुफाट्याचा रंग जरा गडद झाला. आईने हात जोडले. मग तो पुन्हा फिका पडला. पहाटे तीनला ४०० फूट झाले आणि बाबांनी हाताने खूण करून गाडी थांबवली. पुढच्या फुटांचे पैसे नव्हते. माझ्या पायांवर, चपलेत, केसांत फुफाटा होता. दिव्याच्या उजेडात त्याचा रंग मी पाहिला. माझ्या पडद्यावरच्या चौकोनाचा रंग तोच.

शेजारचे काका म्हणाले, “नाहीच की हो पाणी तुमच्या रानात.” मीही तेच म्हणाले असेन. बाबा खाली बसले होते. ते म्हणाले, “पाणी नाही असं नको म्हनू माय. चारशे फुटापस्तोर नाही, असं म्हन.”

सकाळी त्यांनी खताच्या दुकानातून मिळालेली डायरी काढली आणि लिहिलं. मी ते पान नंतर मोबाईलवर टिपून घेतलं, अजून माझ्याकडे आहे. “बाभळीपासून उत्तरेला ४२ पावलं. ४०० फूट. मुरूम १५. पुढं काळा. ११० ला ओल, पाणी नाही.” त्याच्या वर, आधीच्या वर्षांतल्या अशाच दोन नोंदी होत्या.

पुण्याला परत आले तेव्हा माझ्या कामाकडे बघायची नजर बदलली होती. आमच्या शास्त्रात याला ‘वरची मर्यादा’ म्हणतात. वायू दिसला नाही, याचा अर्थ वायू नाही असा होत नाही. याचा अर्थ इतकाच की इतका वेळ, इतक्या अँटेनांनी, इतक्या बारकाईने पाहिलं, आणि इतक्या सूर्यांच्या वजनाएवढा हायड्रोजन तिथं असता तर तो दिसलाच असता. म्हणजे असलाच तर त्याहून कमी. हा आकडा काढायला डाग सापडण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. डाग सापडला की तो स्वतःच साक्ष देतो. न सापडल्यावर मात्र प्रत्येक पायरीची साक्ष आपल्याला द्यावी लागते: निवडताना दाणाच तर खडा म्हणून फेकला नाही ना? वायू फार विरळ पसरलेला असेल आणि आपण फार बारीक नजरेने पाहिल्यामुळे सुटला नसेल ना? म्हणून मी तोच डेटा दूरच्या अँटेनांचं वजन कमी करून, मुद्दाम ढोबळ नजरेनं, पुन्हा बसवला. ढोबळ नजरेला विरळ गोष्टी जास्त दिसतात. चारही वेळा चौकोन करडाच राहिला.

नाही, एकदा तो करडा राहिला नाही. चौथ्या दीर्घिकेच्या ढोबळ नकाशात, तीन पानांवर, एक डाग उमटला. वेगही जवळपास तिच्या ताऱ्यांचाच. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी नकाशाची चौकट वाढवली, आणि डाग एकटा नाही असं दिसलं. तो एका लांब धाग्याचा तुकडा होता, धागा दीर्घिकेला ओलांडून दोन्ही बाजूंना पुढे जात होता. तो आपल्याच आकाशगंगेचा हायड्रोजन होता, वाटेत आडवा आलेला. आकाशगंगेचा वायू आपल्या चहूबाजूंना आहे आणि तिच्या लहान सोबत्यांकडे बघायचं तर त्याच्यातूनच बघावं लागतं. बाबांच्या ११० फुटांवरच्या ओलीसारखं झालं. ते मी माझ्या वहीत तसंच लिहिलं: ओल, पाणी नाही.

आता मूळ प्रश्न. वायू गेला कुठं?

लहान दीर्घिका मुळातच कोरड्या असतात असं नाही. हे आपल्याच खोडदच्या दुर्बिणीने फार सुंदर दाखवलं आहे. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० हून अधिक अंधुक, वेड्यावाकड्या आकाराच्या लहान दीर्घिकांचा हायड्रोजन जीएमआरटीवर मोजला. त्यांतली एनजीसी ३७४१ ही साधारण १ कोटी प्रकाशवर्षांवरची. प्रकाशात ती एवढीशी दिसते, पण तिच्या हायड्रोजनची तबकडी त्या दिसणाऱ्या आकाराच्या ८ पटींहून जास्त पसरलेली निघाली. तिचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा लिंबोटीचं धरण भरल्यावर बघायला गेल्यासारखं मला झालं. म्हणजे लहान असणं हे एकच कारण नाही. लहान असून मोठ्याच्या जवळ असणं, हे कारण आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर जवळपास सीमारेषाच आखून दिली: आकाशगंगा किंवा देवयानी दीर्घिका यांच्यापासून सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांच्या आत असलेल्या बटुदीर्घिका बहुतेक सगळ्या वायूविना, आणि त्याबाहेरच्या बहुतेक सगळ्या वायूसकट. सिंह राशीतली ‘लिओ टी’ ही २००७ मध्ये सापडलेली अगदी चिमुकली दीर्घिका या रेषेच्या बाहेर, साधारण १४ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्याकडे सुमारे ३ लाख सूर्यांच्या वजनाचा हायड्रोजन आहे. तो मोजण्यात खोडदच्या अँटेनांचाही वाटा होता. माझ्या चौघींपेक्षा ती काही मोठी नव्हे. फरक फक्त राहण्याच्या जागेचा.

त्या रेषेच्या आत काय होतं, ते मला खळ्यावर कळलं. म्हणजे खळ्याची आठवण झाल्यावर.

मी लहान असताना ज्वारीची रास अजून वाऱ्यावर होत असे. आजोबा वावडीवर उभे राहायचे, आई खालून पाटी भरून द्यायची. ते पाटी डोक्याच्या वर धरून सावकाश ओतायचे. दाणा सरळ खाली पडायचा, भूस वाऱ्याबरोबर चार हात पलीकडे जाऊन पडायचं. वारं पडलं की सगळे थांबायचे, घामेजलेले, पश्चिमेकडे बघत. वारं सुटलं की पुन्हा. जोराची झुळूक आली तर पोचट दाणेही भुसाबरोबर जायचे. ते आई नंतर सुपाने वेगळे करायची.

आकाशगंगेभोवती अतिशय विरळ आणि तापलेल्या वायूचं एक आवरण आहे, लाखो अंश तापमानाचं. विरळ इतकं की एका घनसेंटिमीटरला अणूचा दहा हजारावा हिस्सा येतो. त्याला वारा म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. पण लहान दीर्घिका त्याच्यातून सेकंदाला २०० ते ३०० किलोमीटर वेगाने जाते. ती पळते म्हणून तिला वारा लागतो. वेग दुप्पट झाला की या वाऱ्याचा दाब चौपट होतो. १९७२ साली जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी दीर्घिकांच्या मोठ्या समूहांबद्दल हे गणित मांडलं: एका बाजूला वाऱ्याचा दाब, दुसऱ्या बाजूला दीर्घिकेची स्वतःच्या वायूवरची पकड. जिथं दाब वरचढ, तिथून वायू निघाला. काठाचा वायू आधी जातो, तिथं पकड ढिली असते. मग आतला. तारे मात्र जागेवर राहतात. तारा हा इतका घट्ट गोळा असतो आणि दोन ताऱ्यांमध्ये इतकी मोकळी जागा असते की त्या वाऱ्याला तो जाणवतच नाही. खोडदच्या जाळीतून वारा जावा तसा तो जातो. मागे राहते ती ताऱ्यांची रास.

हीच दीर्घिका मोठी असती तर तिने वायू धरून ठेवला असता. मॅजेलनचा मोठा मेघ ही आकाशगंगेचीच एक सोबती दीर्घिका, तिने धरून ठेवला आहे. तो आपल्यापासून १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे रेषेच्या पुष्कळ आत असूनही वायूने भरलेला आहे. एक तर तो मोठा आहे, आणि हबल दुर्बिणीने त्याचा वेग मोजल्यापासून असंही मानलं जातं की तो आकाशगंगेच्या इतक्या जवळ बहुधा पहिल्यांदाच येतो आहे. तरीही मॅजेलनच्या मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मेघांच्या मागे हायड्रोजनचा एक लांबलचक पट्टा आकाशात ओढला गेलेला आहे. त्यात दोन मेघांच्या आपसातल्या ओढाताणीचा हात मोठा आहे. हे मेघ आपल्या लोह्यातून पाहायला मिळत नाहीत, दक्षिण क्षितिजाच्या धुळीत किंवा त्याच्या खालीच राहतात, आणि खोडदच्या अँटेनाही इतक्या खाली वाकत नाहीत. एवढी एक गोष्ट मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची राहून गेली आहे.

वारा हे एक कारण. दुसरं कारण वाऱ्यापेक्षा हळू काम करतं, आणि मला तेच जास्त ओळखीचं वाटतं. रिचर्ड लार्सन, बिएट्रिस टिन्सली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी १९८० साली ते मांडलं. दीर्घिका तारे बनवते ते फक्त हातातल्या वायूवर नाही, बाहेरून सतत झिरपत येणाऱ्या वायूवरही. मोठ्याच्या पसाऱ्यात शिरली की ही आवक तुटते. हातातला वायू कुणी नेत नाही, तारेही बनत राहतात, पण विहिरीला झरा उरलेला नसतो. उपसा चालू राहतो तोवर सगळं ठीक दिसतं. आमच्या विहिरीने तीन उन्हाळे असे काढले होते.

आणि काही दीर्घिका या कशाचीही वाट न पाहता फार आधीच थांबल्या. सर्वांत अंधुक बटुदीर्घिकांतले जवळपास सगळे तारे विश्वाच्या पहिल्या एक-दोनशे कोटी वर्षांतले आहेत, हे हबलच्या निरीक्षणांनी दाखवलं. त्या काळात पहिल्यावहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने सगळ्या विश्वातला वायू तापवला. तापलेला वायू उडू बघतो. मोठ्या दीर्घिकेने तो धरला, या एवढ्याशा दीर्घिकांना तो धरता आला नाही. त्यात त्यांच्या स्वतःच्या मोठ्या ताऱ्यांचे स्फोटही होते. मोठ्या घरात एक भांडं पडलं तर आवाज होतो, झोपडीत स्फोट झाला तर छप्पर जातं. कुठल्या दीर्घिकेच्या वाट्याला यांतलं नेमकं काय आणि किती आलं, हे एकेकीच्या ताऱ्यांची वयं लावून, तिची वाट मागे मोजत नेऊन सोडवावं लागतं. सरसकट एकच कारण लावणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपण बहुतेक सगळं एका आकाशगंगेच्या अंगणात शिकलो. अलीकडे ‘सागा’ नावाच्या सर्वेक्षणाने आपल्यासारख्याच दुसऱ्या अनेक दीर्घिकांचे सोबती तपासले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे अजून तारे बनवताना आढळले. म्हणजे आपलं अंगण जरा जास्तच कोरडं असेल. एका तालुक्याच्या बोअरवरून अख्ख्या मराठवाड्याचं पाणी ठरवू नये, तसंच हे. मला ही बातमी वाचून आनंद झाला होता. चार रिकाम्या चौकोनांनंतर कुठंतरी सुगी चालू आहे हे कळणं मला हवं होतं.

माझ्या चार मर्यादा एका मोठ्या तक्त्यात गेल्या. प्रत्येक आकड्याच्या आधी ‘पेक्षा कमी’ अशी छोटीशी खूण. आता मी नांदेडला शिकवते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत ‘काही आढळले नाही’ असं वाक्य आलं की मी खाली लाल शाईने विचारते: कुठपर्यंत पाहिलं?

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात गेलो होतो. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबिल, पाहुणेरावळे, सगळं झालं. संध्याकाळी पाहुणे पांगले. मी नांदेडहून चार इंची दुर्बीण आणली होती. अमावास्या, त्यामुळे अंधार दाट. दूर माळेगावच्या यात्रेचा उजेड क्षितिजाला चिकटलेला, पण तो दुसऱ्या बाजूला. देवयानी डोक्यावरून जरा उत्तरेला आलेली. भावाच्या मुलीला मी देवयानी दीर्घिका दाखवली, मग तिच्याजवळचा तो धुरकट ठिपका, एम ३२. तो आधी खूप मोठा असावा आणि देवयानीने त्याचा बाहेरचा भाग ओरबाडून घेतला असावा असं पुष्कळांना वाटतं. दुसऱ्या बाजूला तिची दुसरी सोबतीण एम ११०, आणखी फिकट, जवळजवळ सगळा वायू गमावलेली.

“मग आत्या, ती मेली का?”

“नाही. नवे तारे फारसे होत नाहीत, एवढंच. तिच्यातले बारके तांबडे तारे आहेत ना, ते आजवरच्या विश्वाच्या वयापेक्षाही जास्त दिवस तेवणारेत.”

तिनं पुन्हा डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एक दिसली. दुसरी नाही.”

कोपीजवळ बाबा घोंगडं पांघरून बसले होते. अंधारातून त्यांचा आवाज आला, “किती येळ बघितलीस, ते सांग की.”

तिनं दुर्बिणीवरून डोळा न काढता आकडे मोजायला सुरुवात केली.